थांब

अल्फामातल्या एका अरुंद बोळात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एका आजीबाईंनी मला हात दाखवला आणि मी निघून आले. घडलं एवढंच. पण पुढचे चार दिवस मी लिस्बनभर तो हात बरोबर घेऊन हिंडले.

जूनचा दुसरा आठवडा होता. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, पण तिथं त्या दिवसांत नऊपर्यंत ऊन असतं, आणि हे सातचं ऊन म्हणजे फोटो काढणारा माणूस ज्याच्यासाठी दिवसभर ताटकळतो ते. खिडकीभोवती हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या काही निखळलेल्या. खिडकीखाली कप्पीवरून ओढायची दोरी, तिच्यावर एक पांढरी चादर, दोन निळे टॉवेल, एक बनियन. आजीबाई दातांत चिमटा धरून, कमरेतून वाकून तिसरा टॉवेल टाकत होत्या. अंगात फुलाफुलांचा बिनबाह्यांचा घरचा झगा, केस कसेतरी वर बांधलेले. मी एक फोटो काढला. दुसऱ्यासाठी जरा डावीकडे सरकले तेवढ्यात त्यांनी खाली बघितलं. दातांतला चिमटा काढला. उजव्या हाताचा तळवा माझ्यासमोर धरला, पाची बोटं ताठ, आणि 'श्पेरा, श्पेरा' असं काहीतरी म्हणत त्या आत गेल्या. मी कॅमेरा खाली केला, रिकाम्या खिडकीलाच हात जोडले आणि चालू लागले. बोळ चढून गेलं की पायऱ्या संपतात तिथं एक छोटासा चौक आहे. तिथं दम खात बसले, पाणी प्यायले, आणि उठताना सवयीनं मागं वळून अख्ख्या बोळाचा एक फोटो काढला. दोन्ही बाजूंच्या खिडक्या, सणासाठी आडव्या बांधलेल्या रंगीत कागदी झिरमिळ्या, आणि अगदी तळाशी तेजो नदीचा बोटभर निळा तुकडा.

कुणाच्या घराकडे कॅमेरा रोखला आणि त्यानं हात दाखवला, तर निघायचं. हे मी घरीच शिकले आहे.

माझ्या आजीचं माहेर पणजीचं, मळा नावाच्या वस्तीतलं. मळा संपतो तिथं फोंतेन्हास सुरू होतं. पिवळी, निळी, विटकरी घरं, लाल कौलं, गल्लीकडे उघडणारे छोटे सज्जे. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा ती फक्त शेजाऱ्यांची घरं होती. आता सकाळी आठपासून तिथं लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, कुणाच्याही पायरीवर बसतात, कुणाच्याही दाराला टेकतात. बऱ्याच घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत. आजीच्या ओळखीतल्या एक बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, सकाळचं दूध घ्यायला दार उघडायचं तरी अंगावर काय आहे ते आधी बघावं लागतं. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे अल्फामातला तो तळवा दिसला आणि मला क्षणभरही शंका आली नाही. आजीबाई रागावल्या, बरोबरच रागावल्या. त्यांच्या धुण्याचा फोटो मी कोण काढणार? घसा दाटून आल्यासारखं झालं. परदेशात कुणी आपल्यावर नाराज झालं की त्याचा ओरखडा घरच्यापेक्षा खोल जातो, कारण माफी मागायला भाषाच नसते.

भाषा अगदीच नव्हती असंही नाही. लिस्बनच्या रस्त्यांवर मला सारखं ओळखीचं कुणीतरी भेटत होतं. पावाच्या दुकानावर 'पादारिया' अशी पाटी, आणि मला आजीच्या दारात सायकलचा भोंगा वाजवणारा पोदेर आठवला. किल्लीला तिथं शावी म्हणतात, आपली चावी. साबण, कोबी, बटाटा, अननस, पगार, लिलाव, घमेलं, हे सगळे शब्द तिथून गलबतात बसून आले आणि आपल्याकडे इतके रुळले की त्यांना परकं म्हणणंही विचित्र वाटावं. आणि खिडकीला जनेला. माझी आजी आयुष्यभर खिडकीला जनेलच म्हणाली. 'जनेल लाव गो, पावस येता,' हे तिचं वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. नाव आपल्या घरचं, खिडकी त्यांच्या घरची, आणि त्या खिडकीतूनच मला हात दाखवला गेला, म्हणून ते अधिकच लागलं असावं.

लिस्बन हे फोटो काढणाऱ्यावर माया करणारं शहर आहे, हे मात्र मला मान्यच करायला हवं. माया करतात ते तिथले दगड. फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे मुठीएवढे चौकोनी तुकडे हातानं बसवलेले, त्यांत काळ्या दगडाची नक्षी. रोसिउ चौकात तर 19व्या शतकाच्या मध्यापासून काळ्या-पांढऱ्या लाटाच आहेत. चालताना जमीन हलते आहे असं वाटतं. इतक्या वर्षांच्या पावलांनी ते दगड तुळतुळीत झालेत, उतारावर पाय जपून टाकावा लागतो. पण हेच पांढरे दगड ऊन वर फेकतात. भर दुपारी, आपल्याकडे ज्या वेळी माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या खळग्या पडतात, तेव्हाही तिथं चेहऱ्यांवर खालून एक मऊ उजेड असतो. सगळं शहर जणू कुणीतरी पांढरं पातळ धरून उजळलं आहे. 28 नंबरची पिवळी ट्रॅम अल्फामात वळते तेव्हा भिंतीत आणि तिच्यात हातभरही जागा उरत नाही. आतल्या माणसानं हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी दाराची कडी वाजवता येईल. तिची घंटा ऐकली की रस्त्यातली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात, ट्रॅम निघून जाते, माणसं पुन्हा वाहायला लागतात. 1 नोव्हेंबर 1755च्या भूकंपानं खालचं शहर भुईसपाट केलं, मागून आग, मागून समुद्र. तिथं मग राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल यानं आखीव, सरळ रस्त्यांचं नवं शहर उभं केलं. अल्फामा कातळावर होतं म्हणून बरंचसं टिकलं, आणि म्हणून त्याचे बोळ अजून पाण्याच्या ओहोळांसारखे कुठूनही कुठेही जातात. मी त्यांत मुद्दाम हरवत होते. फक्त कॅमेरा गळ्यातच राहायला लागला होता. खिडकीत माणूस दिसलं की हात आपोआप खाली.

त्या रात्री आईला फोटो पाठवले. आई सावंतवाडीला असते. माझ्या प्रत्येक प्रवासाचे फोटो ती एका बैठकीत बघत नाही, दोन बोटांनी मोठे करकरून दोन-तीन दिवस पुरवून बघते. भाजीच्या गाड्यावर काय आहे, बायकांच्या पायात काय आहे, दारापुढे कुंड्या कशाच्या आहेत. माझ्या लक्षात न आलेल्या किती गोष्टी मला तिनं सांगितल्या आहेत. लिस्बन आपल्या साडेचार तास मागं, त्यामुळे मी सकाळी सातला उठले तेव्हा तिचा निरोप येऊन पडला होता, बोलून पाठवलेला. आधी पाऊस. सावंतवाडीत धो धो लागला आहे, माजघरात दोऱ्या बांधल्या आहेत, कपडे वाळत नाहीत आणि वास येतो, त्या बाईचं नशीब बघ कसं खणखणीत ऊन मिळालं आहे धुण्याला. मग थोडं थांबून म्हणाली, "अगो, त्या पैल्या फोटोत झगो घातलेली बाई आसा, तीच मागल्या फोटोत लाल कापडात खिडकेत उभी आसा बघ. केस विंचरल्यान. कानात कायतरी घातल्यान. तुझी वाट बघता हा ती. तू खंय गेलंस?"

मी बिछान्यातच बोळाचा तो फोटो मोठा केला.

होत्या. डावीकडची चौथी खिडकी. फोटोत नखाएवढ्या, पण त्याच टाइल्स, तीच चादर. अंगात लाल स्वेटरसारखं काहीतरी, केस नीट मागं घेतलेले, कानाशी एक चमकता ठिपका. दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर ठेवून त्या खाली बघत होत्या, मी आधी उभी होते नेमक्या त्या जागेकडे. मी वर, पायऱ्यांच्या टोकाला. त्यांना मी दिसणंच शक्य नव्हतं.

जिथं उतरले होते तिथली मुलगी नाश्त्याची तयारी करत होती. तिला मी तो शब्द जमेल तसा म्हणून दाखवला. श्पेरा. ती म्हणाली, म्हणजे वाट बघ, एक मिनिट. आणि काढू नको म्हणायचं असेल तर? तर 'पारा' म्हणतील, म्हणजे बस कर. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोन्हींना एकच. थांब. अंगावर धावून येणाऱ्याला थांब म्हणतात आणि निघालेल्या पाहुण्याच्या हातावर साखर ठेवायची असेल तरी थांबच म्हणतात. आवाजावरून कळतं. मी आवाज ऐकलाच नव्हता, नुसता हात बघितला होता.

आणि हे आईला कळलं, यात नवल नाही. 'थांब' हा तिचाच शब्द. बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता, एका रोलवर बाराच फोटो. ते रविवारी संध्याकाळी आम्हाला मोती तलावाच्या कठड्याशी उभं करायचे, डोळा लावायचे, आणि आई म्हणायची, "थांबा जरा." मग चष्मा काढून पर्समध्ये जायचा. निऱ्या सारख्या व्हायच्या. अबोलीचा वळेसर मागून पुढं यायचा. मग ती कुठंतरी तलावाच्या पलीकडे, राजवाड्याच्या दिशेला नजर लावायची आणि म्हणायची, "हां." बाबांनी एकदाही घाई केल्याचं मला आठवत नाही. बाराच फोटो होते म्हणून असेल, किंवा ते बाबा होते म्हणून असेल. आम्ही भावंडं मात्र कंटाळून जायचो. पुढे हातात स्वतःचा कॅमेरा आला तेव्हा मी ठरवूनच टाकलं, की सांगून काढलेला फोटो खोटा. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा. आईचे मी किती तरी असे फोटो काढले आहेत. फणस फोडताना, हात तेलानं माखलेले. दुपारी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली. चिडलेली, जिवाच्या आकांतानं मांजरावर ओरडताना. मला ते अतोनात आवडतात. तिला त्यातला एकही आवडत नाही. "सांगून काढत जा गो," एवढंच ती म्हणते, आणि मी इतकी वर्षं ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी गेले, तर खिडकीची झडप लावलेली. दोरी रिकामी. दुपारी गेले, तरी तसंच.

शनिवारी सांता क्लाराच्या मैदानावर जुना बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा. मंगळवारी आणि शनिवारी. जमिनीवर चादरी अंथरून त्यावर कुलपं, पितळी नळ, सुटे काटे-चमचे, फुटलेल्या टाइल्स, बाहुल्यांचे हात. एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बुटांच्या खोक्यांत भरलेले फोटो होते, घरं रिकामी करताना निघालेले, आता कुणाचेच नसलेले. मी दोन तास उकिडवी बसून ते चाळले. उन्हानं मान भाजली. बोटांना जुन्या कागदाचा आंबूस वास लागला. स्टुडिओतली जोडपी, सैनिकाच्या गणवेशातली पोरं, पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यातली मुलगी, खुर्चीत बसलेला आजोबा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी तीन माणसं. सगळे तयार होऊन आलेले. भांग पाडलेले, बुटांना पॉलिश केलेले, कुणी बहुतेक दुसऱ्याचा कोट मागून घातलेला, कारण बाह्या मनगटाखाली उतरल्या होत्या. त्या शेकडो फोटोंत मला एकही बेसावध माणूस सापडला नाही, आणि मला ती माणसं खोटी वाटली नाहीत. उलट त्या मागून आणलेल्या कोटात मला त्या माणसाबद्दल जितकं कळलं तितकं त्याला पाठमोरा, झोपलेला, जेवताना टिपून कळलं असतं का, हा प्रश्न तिथं उकिडवी बसूनही मला टाळता आला नाही. कोटवाला मी विकत घेतला. मागे शाईनं लिहिलेली दोन अक्षरं आहेत, लागत नाहीत.

तिथून जवळच मोरारिया. कामिला वॉटसन नावाच्या ब्रिटिश छायाचित्रकार बाई त्या वस्तीतच राहतात. त्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून ते तिथल्याच भिंतींवर छापले आहेत, ज्यांच्या-त्यांच्या बोळात, येता-जाता दिसतील असे. ऊन-पावसानं काही फिके पडलेत. सगळे समोर बघतात. एका भिंतीसमोर मी उभी होते तेव्हा बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या एक बाई थांबल्या, फोटोकडे बोट केलं, मग स्वतःच्या मनाशी हसून दोन दारं पुढे जाऊन आत शिरल्या. त्यांचा फोटो होता, की त्यांच्या बहिणीचा, की नुसता ओळखीचा, ते मला कळलं नाही. पण तो फोटो परत नेऊन दिलेला आहे, हे कळलं. माझ्याकडे हजारो चेहरे आहेत, भाजीवाले, कोळिणी, नावाडी, आणि मी त्यांतले किती परत दिले? हाताच्या बोटांवर मोजता येतील.

रविवारी पोर्तोला जाऊन आले. तीन तास जायला, तीन यायला. साओ बेंतो स्टेशनात गाडीपेक्षा भिंतीच बघायला माणसं येतात. निळ्या-पांढऱ्या सुमारे 20,000 टाइल्स, लढाया, मिरवणुका, शेतं, जोर्जे कोलासो या चित्रकारानं रंगवलेल्या. याच कोलासोच्या टाइल्स पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात आहेत, 1935 सालच्या. लहानपणी आजीचा हात धरून तिथं जाताना मी त्यांवर बोट फिरवून गार वाटतं का बघायची. पोर्तोला ते करायचा मोह झाला, पण चित्रं हाताच्या फार वर होती. संध्याकाळी दोन मजली दों लुइश पुलावर उभी राहिले. खाली दोउरो नदी, काठावर एकमेकींना चिकटलेली घरं, आणि त्या घरांवर धुणं, धुणं, धुणं. मी एकही फोटो काढला नाही. माझं लक्ष परतीच्या गाडीकडे होतं. सोमवार हा माझा शेवटचा दिवस, आणि 12 जून.

12 जूनची रात्र लिस्बनमध्ये सांत आंतोनची. हा संत तिथलाच, कॅथीड्रलच्या खालच्या अंगाला त्याचं देऊळ आहे, म्हणजे चर्च. गोव्यात वस्तू हरवली की याचंच नाव घेतात. आजीच्या शेजारणी चष्म्यापासून कोंबडीपर्यंत सगळं त्याच्यावर सोपवायच्या, आणि आजीही चावी सापडेना की देवाला नमस्कार करून झाल्यावर हळूच त्याचंही नाव घ्यायची. दुपारी चारला मी बोळात शिरले तेव्हा रात्रीची तयारी चालू होती. दारादारांत शेगड्या मांडलेल्या, कोळशाच्या गोणी, बर्फात आडव्या घातलेल्या सार्डिन, आपल्या तारलीच्याच जातभाई. मीठ आणि मासळी आणि धूर, डोळे मिटले असते तर वेंगुर्ल्याचा बाजार. पायऱ्यांवर मांजेरिकूच्या कुंड्या, सब्जाच्या जातीचं बारीक पानांचं गोल झुडूप. त्याला नाक लावायचं नाही, तळहात फिरवून तळहाताचा वास घ्यायचा, असं मला एका मुलानं करून दाखवलं. कुठंतरी वर रेडिओ लागला होता.

झडप उघडी होती. दोरीवर उश्यांचे अभ्रे. आणि आजीबाई, तोच फुलाफुलांचा झगा, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

मी कॅमेरा उचलला नाही. खालून तोंडाला हात लावून "बोआ तार्द" म्हटलं. त्यांनी खाली बघितलं. ओळखलं की नाही सांगता येत नाही. त्या बोळातून रोज कितीतरी कॅमेरे जात असतील. मग मी गळ्यातल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं आणि मान तिरकी केली, आपल्याकडे विचारताना करतात तशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टॉवेलकडे, मग हात वर केला. तळवा माझ्यासमोर, पाची बोटं ताठ.

"श्पेरा."

"श्पेरा," मी म्हटलं, आणि समोरच्या पायरीवर बसले.

ऊन टाइल्सवर होतं. खालच्या दोन ओळी सावलीत गेल्या, मग तिसरी. शेगडीवाल्यानं पुठ्ठ्यानं वारा घातला आणि धुराचा एक लोट आमच्या दोघींच्या मधून वर गेला. मी आईला लिहिलं, मिळाल्या, आत गेल्यात. तिचं लगेच उत्तर आलं, वेळ लागतलो, उठा नको. चौथी ओळ सावलीत गेली. वर आत कुठंतरी कपाटाचं दार करकरलं, एक खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. आणि मग खिडकीतून केस वाळवायच्या यंत्राचा आवाज यायला लागला.